फेलोशिपच्या अर्जात स्वतःचे आयुष्य किती लिहावे?

गोदाकाठ

सर्वांना नमस्कार. मी बीड जिल्ह्यातील आहे. समाजशास्त्रात एम. ए. केले, नेट (प्राध्यापकपद आणि संशोधन फेलोशिपसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) उत्तीर्ण झाले आणि आता पीएचडीची तयारी करते आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. आई-वडील ऊसतोडीला जात असत. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, की नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, त्या जोडीला मिळते. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकाकडे निघतात आणि गावात म्हातारी माणसे तेवढी उरतात. तोडीतील स्त्रियांची आजारपणे, बाळंतपणे आणि त्यांच्या नावावर लागणारे खाडे (गैरहजेरीबद्दलची कपात) हा माझ्या संशोधनाचा विषय आहे.

अनुसूचित जातींसाठी असलेल्या राष्ट्रीय फेलोशिपसाठी आणि परदेशातील एका विद्यापीठाच्या फेलोशिपसाठी मी अर्ज करणार आहे. परदेशातील फेलोशिप उच्च शिक्षणात ज्यांची संख्या अत्यल्प आहे अशा समाजघटकांसाठी आहे. तिथे संशोधनाच्या आराखड्याखेरीज पाचशे शब्दांचे वैयक्तिक निवेदन मागितले आहे. तुमच्या जडणघडणीमुळे ज्ञानक्षेत्रात कोणती भर पडेल, ते त्यात लिहायचे आहे.

मी पहिला मसुदा लिहिला तो सगळा आईबद्दल झाला. माझ्या मार्गदर्शकांनी तो वाचून सांगितले, "हे सगळे काढून टाका आणि संशोधनाचे बोला." वसतिगृहातील मैत्रिणीने तोच मसुदा वाचला आणि म्हणाली, "यातला एक शब्दही काढू नकोस, निवड होईल ती यावरच." दोघांचेही मला पटते आणि म्हणूनच लिहिणे थांबले आहे. ज्यांनी असे अर्ज केले आहेत किंवा तपासले आहेत त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निशिगंध

तुमचे मनःपूर्वक अभिनंदन. एक गोष्ट आधी वेगळी करून घ्या. आपल्याकडच्या राष्ट्रीय फेलोशिपमध्ये जडणघडणीचे निवेदन कोणी मागत नाही. तिथे जातीचा दाखला हा पुरावा असतो आणि निवड नेटच्या गुणांवरून होते. आदिवासी विद्यार्थ्यांच्या फेलोशिपची निवड पदव्युत्तर परीक्षेच्या गुणांवरून होते. त्यामुळे तुमचा प्रश्न खरे तर दुसऱ्या अर्जापुरताच आहे. दोन्हींसाठी एकच मजकूर वापरण्याच्या फंदात पडू नका.

प्रा_सदाशिव

मी निवृत्त प्राध्यापक आहे. नोकरीच्या काळात तीन-चार निवड समित्यांवर बसलो, त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने काय दिसते ते सांगतो.

समितीच्या सदस्यापुढे साठ-सत्तर अर्ज असतात आणि ते त्याला दोन दिवसांत वाचायचे असतात. त्यांपैकी निम्म्या अर्जांची सुरुवात "माझा जन्म अत्यंत गरीब कुटुंबात झाला" या वाक्याने होते. ते वाक्य खरे असते आणि लिहिणाऱ्याने ते सोसलेलेही असते. परंतु विसाव्या अर्जापर्यंत वाचणाऱ्याच्या मनावर त्याचा ठसा उमटेनासा होतो, कारण त्या वाक्यातून त्या एका माणसाबद्दल काहीच कळत नाही. मला आजही आठवतो तो एका विद्यार्थ्याचा अर्ज. वडील विहिरी खणत असत, एवढेच त्याने घराविषयी लिहिले होते. त्यापुढे लगेच, कोणत्या खोलीवर मुरूम संपतो आणि काळा पाषाण लागतो, हे वडील पहारीच्या आवाजावरून कसे ओळखत, ते चार ओळींत होते. त्याचा विषय भूजलाचा होता. त्या चार ओळींनंतर, हा मुलगा या विषयाकडे का वळला, हे आम्हाला कोणालाही विचारावे लागले नाही.

तेव्हा तुमच्या मार्गदर्शकांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे आणि मैत्रिणीचेही अर्धेच. आयुष्य लिहावे, पण ज्या ठिकाणी ते संशोधनाच्या प्रश्नाला येऊन मिळते त्या ठिकाणचे लिहावे. तुम्हालाच विचारतो. ऊसतोडीविषयी असे काय आहे, की जे पुण्या-मुंबईतील अभ्यासकाला वर्षभर क्षेत्रकार्य करूनही कळणार नाही आणि तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे? त्याचे उत्तर सापडले की पाचशे शब्द आपोआप जुळून येतील.

वऱ्हाडी_बोल

सरांविषयी पूर्ण आदर ठेवून मी वेगळे मत मांडतो. आपली गरिबी आणि आपली जात उलगडून दाखवण्याची वेळ नेहमी आपल्यावरच का यावी? प्राध्यापकाच्या मुलाला, त्याच्या घरी पुस्तकांची कपाटे होती याचे निवेदन कोणी लिहायला लावत नाही. त्याचा आराखडा हा केवळ आराखडा म्हणून वाचला जातो, आणि आमच्या आराखड्याच्या आधी आमच्या आईचे हात पाहिले जातात.

हे मी अनुभवाने बोलतो आहे. एका फेलोशिपच्या मुलाखतीत वीस मिनिटांपैकी पंधरा मिनिटे मला घरच्या परिस्थितीबद्दल विचारण्यात आली. नमुना निवड कशी करणार, मुलाखतींचे विश्लेषण कसे करणार, यावर एकही प्रश्न आला नाही. सदस्य सहृदय होते, एकीच्या डोळ्यांत तर पाणी आले. फेलोशिप मिळालीसुद्धा. पण त्या खोलीतून बाहेर पडताना मला संशोधक म्हणून कोणी पाहिले असे वाटले नाही, आणि ती सल आजही आहे. गोदाकाठ, मी तुमच्या जागी असतो तर चारशे ऐंशी शब्द कामाबद्दल लिहिले असते आणि उरलेल्या वीस शब्दांत गाव सांगितले असते.

सातासमुद्रापार

मी अमेरिकेत पीएचडी केली असून येथील विद्यापीठाच्या प्रवेश समितीतही काम करते.

प्रथम एक व्यवहाराची गोष्ट. विविधता वाढवण्यासाठी म्हणून येथे ज्या मोठ्या फेलोशिप नावाजल्या गेल्या, त्यांतील बऱ्याचशा केवळ अमेरिकी नागरिकांसाठी आणि कायम रहिवाशांसाठी होत्या. फोर्ड फाउंडेशनची डॉक्टरेटपूर्व फेलोशिप त्यांपैकीच एक, आणि ती योजनाही आता गुंडाळली गेली आहे. आपल्याकडचे विद्यार्थी संकेतस्थळावरचे जुने पान पाहून महिना महिना तयारी करतात आणि शेवटी पात्रतेच्या ओळीवर अडकतात. म्हणून पात्रता सर्वांत आधी वाचावी. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड, लंडनमधील सोआस आणि रेडिंग या विद्यापीठांत फेलिक्स शिष्यवृत्ती आहे. ती भारतीय विद्यार्थ्यांना मिळू शकते आणि तिच्यात आर्थिक गरज पाहिली जाते.

दुसरे म्हणजे येथील वातावरण बदलले आहे. २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धत रद्द ठरवली. त्याच निकालात मुख्य न्यायमूर्तींनी असेही नमूद केले, की वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने लिहिले तर विद्यापीठाला ते विचारात घेता येईल, मात्र त्याचा संबंध त्या व्यक्तीच्या एखाद्या गुणाशी किंवा क्षमतेशी जोडलेला असला पाहिजे. म्हणजे प्रा_सदाशिव सरांनी विहीर खणणाऱ्याच्या मुलाबद्दल जे सांगितले तेच तिथे कायद्याच्या भाषेत आले आहे. जानेवारी २०२५ नंतर तर विविधतेच्या नावाने चालणाऱ्या योजनांवर सरकारी दडपणच आले. तेव्हा अर्ज भरण्यापूर्वी ती योजना चालू आहे ना, हे विद्यापीठाला पत्र लिहून विचारा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. येथील वाचकाला जात कळत नाही. कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ मध्ये भेदभावविरोधी धोरणात जातीचा उल्लेख केला, ब्रँडाइसने त्याआधी २०१९ मध्ये केला, पण तुमचा अर्ज वाचणारा प्राध्यापक भूमध्य समुद्राच्या इतिहासाचा अभ्यासक असू शकतो. त्याच्यासाठी एक वाक्य खर्च करा. मुकादम (टोळी जमवणारा कंत्राटदार), उचल, खाडा हे शब्द तसेच ठेवा आणि प्रत्येकाचा अर्थ तिथल्या तिथे सांगा. त्या शब्दांमुळेच, विषय तुमच्या हातात आहे, हे त्याला कळेल.

माणदेशी

वरची चर्चा मोलाची आहे, पण मी कागदपत्रांकडे लक्ष वेधतो, कारण चांगले अर्ज तिथे बाद होताना मी पाहिले आहेत. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इतर मागासवर्गीयांसाठी नॉन-क्रिमीलेअरच्या दाखल्याची मुदत अर्जाच्या तारखेला चालू असली पाहिजे. दहावीच्या प्रमाणपत्रावरील नाव, आधारवरील नाव आणि बँकेतील नाव अक्षरशः एक असले पाहिजे. माझ्या नावात एके ठिकाणी वडिलांचे नाव होते आणि दुसरीकडे नव्हते, तेवढ्यासाठी पाच महिन्यांची रक्कम एका कार्यालयात अडकून राहिली.

राष्ट्रीय फेलोशिपची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० रुपये आहे, शिवाय घरभाडे भत्ता मिळतो. अनुसूचित जातींसाठी वर्षाला २,०००, इतर मागासवर्गीयांसाठी १,००० आणि आदिवासींसाठी ७५० जागा असतात. आकडा वाचून दिलासा वाटतो, पण पैसे दरमहा ठरल्या तारखेला येतील हे गृहीत धरू नका. हैदराबाद विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला याने आत्महत्येपूर्वी जानेवारी २०१६ मध्ये लिहिलेल्या शेवटच्या पत्रात सात महिन्यांची थकलेली फेलोशिप घरच्यांना मिळावी असे म्हटले होते, ते आपण कोणीही विसरू नये. तेव्हा सहा महिन्यांच्या खर्चाची तजवीज आधी करा आणि मगच हातातील नोकरी सोडा.

आणखी एक. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीचा विचार करत असाल तर थांबा. २०२२-२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. ऊसतोडीचा विषय त्यात बसणार नाही.

गोदाकाठ

माणदेशी दादा, हे मला अजिबात ठाऊक नव्हते. परदेशातील विद्यापीठाची फेलोशिप मिळाली नाही तर राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीचा अर्ज करायचा, असे मी ठरवून ठेवले होते. माझा विषय माझ्या गावाचा आहे, म्हणूनच मी त्यासाठी अपात्र ठरते, हे वाचून वाईट वाटले.

अक्षरयात्री

या नियमाबद्दल दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती देऊन डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवले. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार. तिथे १९१५ मध्ये त्यांनी एम. ए. केले ते प्राचीन भारतातील व्यापारावर प्रबंध लिहून. ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी जो निबंध वाचला तो भारतातील जातींची उत्पत्ती आणि वाढ यांवर होता. दोन्ही विषय भारताचे. आजच्या नियमाने त्यांतील एकाही विषयासाठी शिष्यवृत्ती मिळाली नसती. आपल्याच समाजाकडे दुरून, निराळ्या ग्रंथालयात आणि निराळ्या शिक्षकांसमोर बसून पाहता येणे, हीच त्या तीन वर्षांची कमाई होती.

ताम्हिणी

अक्षरयात्री, तुमची भावना समजते, पण दुसरी बाजूही पाहावी. त्या योजनेत वर्षाला १२५ जागा आहेत. भारतातील विषयाचा अभ्यास भारतात राहून होऊ शकतो, साधने येथे आहेत, माणसे येथे आहेत. जे येथे शिकता येत नाही त्यासाठी मर्यादित पैसा वापरावा, हा विचार सर्वस्वी चुकीचा म्हणता येणार नाही.

रानपाखरू

ताम्हिणी, मग हाच नियम सर्वांनाच लागू झाला पाहिजे. ज्यांना घरचा पैसा आहे ते लंडनला जाऊन भारताचाच अभ्यास करतात आणि परत येऊन आमच्याविषयीचे तज्ज्ञ ठरतात. ज्याला शिष्यवृत्तीवाचून जाता येत नाही त्याच्यापुरताच तो विषय बंद होतो. विद्यापीठांतील विविधतेचा प्रश्न जागांच्या संख्येपुरता नाही. कोणाविषयी कोण लिहितो, हाही त्याचा भाग आहे.

मी नंदुरबारची आहे, घरी पावरी बोलतो, आणि आदिवासी फेलोशिपवर पीएचडी करते आहे. गोदाकाठ ताई, वर एवढी चर्चा झाली त्यात एक गोष्ट कोणी विचारली नाही, ती विचारते. तुम्ही आईबद्दल लिहिले, ते आईला वाचून दाखवले का? मी माझ्या अर्जात आजीबद्दल लिहिले होते. डाकीण ठरवून तिला गावाबाहेर काढले होते, ते सगळे लिहिले. निवड झाल्यावर संस्थेने माझा परिचय त्या प्रसंगासह आपल्या पत्रकात छापला. घरी कोणी इंग्रजी वाचत नाही, तरी चुलत भावाने मोबाइलवर वाचून दाखवले. आजी काही बोलली नाही, पण दोन दिवस जेवली नाही. आपले आयुष्य म्हणून आपण जे लिहितो त्यातील अर्धे दुसऱ्या कोणाचे तरी असते. क्षेत्रकार्यात अनोळखी बाईची संमती घेतल्याशिवाय आपण तिचे एक वाक्यही वापरत नाही, मग घरच्या माणसाला का विचारू नये?

वऱ्हाडी_बोल

रानपाखरू, हे फार महत्त्वाचे लिहिलेत. माझ्या मनात जे होते ते मला नीट सांगता आले नव्हते. मला राग केवळ समितीचा नव्हता. मीही आईला न विचारता तिला त्या खोलीत घेऊन गेलो होतो.

समीना_के

थोडे विषयांतर होईल, पण नोंद असावी. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी २००९ मध्ये सुरू झालेली मौलाना आझाद फेलोशिप २०२२-२३ पासून बंद करण्यात आली आहे. ती इतर योजनांशी जुळणारी आहे असे कारण डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेत देण्यात आले. माझ्या लहान बहिणीसारख्या मुली, ज्या इतर मागासवर्गात मोडत नाहीत, त्यांच्यापुढे आता सर्वसाधारण जेआरएफचाच (नेटमधून मिळणाऱ्या कनिष्ठ संशोधन फेलोशिपचाच) मार्ग उरला आहे. जुन्या याद्यांवर अजूनही तिचे नाव दिसते, कृपया त्यावर विसंबून राहू नये.

निशिगंध

शिफारसपत्रांबद्दलही सांगते, कारण परदेशी अर्जात त्यांचे वजन मोठे असते. आपल्याकडे बरेच शिक्षक "तूच लिहून आण, मी सही करतो" असे म्हणतात. विद्यार्थिनी संकोचाने "मेहनती व आज्ञाधारक" असे लिहिते आणि संधी वाया जाते. त्याऐवजी शिक्षकांना आपला आराखडा, एक जुना निबंध आणि त्यांच्या वर्गात घडलेला एखादा प्रसंग लिहून द्या, आणि पत्र त्यांनाच लिहू द्या. आज्ञाधारक हा शब्द तर कृपया कोठेही येऊ देऊ नका.

गोदाकाठ

चार दिवस उत्तर दिले नाही, क्षमस्व. रानपाखरू ताईंचे वाचल्यावर मी गावी गेले आणि आईला मसुदा मराठीत वाचून दाखवला. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "माझ्या पोटाचं आपरेशन झालं ते कशाला सांगितलंस? ते नगं. वजनाचं लिही की. तू वजन लिहायचीस."

मी ते पूर्ण विसरले होते. मी नऊ वर्षांची असताना एक हंगाम आई-वडिलांबरोबर फडावर होते, कारण हंगामी वसतिगृह त्या वर्षी उशिरा सुरू झाले. वडील टायरगाडी कारखान्यावर खाली करून येत तेव्हा काट्यावरची पावती मुकादमाला देण्याआधी मला दाखवत, आणि मी गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर पेन्सिलीने तो आकडा उतरवून ठेवत असे. ज्या दिवशी आईला ताप होता त्या दिवशी मी नुसते "आई" असे लिहिले होते. हंगाम संपल्यावर मुकादमाने हिशेब केला तेव्हा उचल फिटली नाही असे निघाले आणि खाडे अकरा निघाले. माझ्या वहीत "आई" सात वेळाच होते. वडिलांनी वही दाखवली. मुकादम म्हणाला, पोरीच्या वहीवर हिशेब चालतो का.

ही वही आईने पत्र्याच्या पेटीत ठेवली होती. प्रा_सदाशिव सर, तुमच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा हेच आहे. मी नवा परिच्छेद लिहिला आहे, कृपया पाहावा:

"ऊसतोडीत स्त्रीच्या आजारपणाची एकमेव लेखी नोंद म्हणजे मुकादमाच्या वहीतील खाडा, अर्थात गैरहजेरीबद्दल कापली जाणारी रक्कम. नऊ वर्षांची असताना मी एका हंगामाची दुसरी वही ठेवली होती आणि दोन वह्यांमध्ये चार दिवसांचा फरक निघाला. माझा प्रबंध या फरकाचा शोध घेईल. कामावरील स्त्रियांच्या आजारपणाची मोजणी कोण करतो, कोणत्या शब्दांत करतो आणि त्या मोजणीचे पैसे कोणाकडून वसूल होतात, हे मला तीन तालुक्यांतील टोळ्यांच्या हिशेबवह्या आणि स्त्रियांच्या स्वतःच्या आठवणी समोरासमोर ठेवून पाहायचे आहे."

आईच्या शस्त्रक्रियेचा उल्लेख पूर्ण काढला आहे. ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या प्रश्नावर २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्याने समिती नेमली होती. तिचा संदर्भ आराखड्यात आहे, तेवढा पुरेसा आहे.

प्रा_सदाशिव

यात मी एकच बदल सुचवेन. "दुसरी वही ठेवली होती" यानंतर वडील पावती दाखवत असत, हे अर्ध्या वाक्यात सांगा, नाहीतर आकडे कोठून आले ही शंका वाचणाऱ्याला येईल. बाकी एका अक्षराला हात लावू नका.

सातासमुद्रापार

आमच्या समितीसमोर हा परिच्छेद आला असता तर आम्ही लगेच आराखड्याचे पान उघडले असते. इंग्रजी करताना "खाडा" हा शब्द रोमन लिपीत तसाच ठेवा.

वऱ्हाडी_बोल

माझे चारशे ऐंशी शब्दांचे म्हणणे मी मागे घेतो. यात आयुष्य आणि काम वेगळे काढताच येत नाही.

ताम्हिणी

नियमाबद्दलचे माझे मत अजून पूर्ण बदललेले नाही, पण ही वही भारताबाहेरच्या वाचकांपर्यंत पोहोचली पाहिजे, असे मात्र मनापासून वाटते. इंग्रजी मसुदा तपासून हवा असेल तर मला निरोप करा, मी भाषांतराचेच काम करते.

माणदेशी

गोदाकाठ ताई, पेन्सिलीचे अक्षर पुसट होत जाते. ती वही आजच्या आज पानापानाने स्कॅन करून घ्या, दोन ठिकाणी जतन करा, आणि मूळ वही आईंच्या पेटीतच राहू द्या.